ठकीची लस आणि मामाची मांडी

मु. पाम, बोईसर
शनिवार, दुपार

ती. इंद्रजीतमामा यांस,

अक्षयचा वाकून नमस्कार. (तुम्ही वर्षाराणीचे दादा, पण ठकी झाल्यापासून मी तुम्हाला तिच्या वतीनं मामा म्हणतो. तेव्हा हे पत्र दहा महिन्यांच्या मुलीनं लिहिलंय असं समजून वाचावं आणि रागही तेवढाच धरावा.) आम्ही तिघं खुशाल. तुमची कंबर काय म्हणते? वहिनींचं गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. म्हैस व्याली का? मोबाईलवरच लिहिलं असतं, पण मोबाईलवर आलेलं तुम्ही वाचत नाही, नुसतं पुढं पाठवता. शिवाय फोन लावला की वर्षाराणी कान लावून बसते. म्हणून हा कागद.

विषय नाजूक आहे. ठकीला साडेतीन महिन्यांची लस टोचली आणि संध्याकाळी ताप चढला, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगितलेलं औषध दिलं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला, बाईसाहेब खिदळत उठल्या. आमच्या डोक्यातला ताप मात्र उतरेना. अशात घरच्या ग्रुपवर तुमचा तो व्हिडिओ आला. गाडीत पट्टा बांधून बसलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला तो गृहस्थ (गाडीत कुणाला तपासणार होता देव जाणे) सांगत होता की लेकरांच्या अंगात सुया घालू नका, शरीर आपलं आपण शिकतं. त्याखाली तुम्ही तीनच शब्द लिहिलेत, ‘वर्षा, घाई नको.’ झालं! मी चार वर्षांचा जुना नवरा, तरी माझ्या प्रत्येक वाक्याची ती उलटतपासणी घेते. पण आबा गेल्यावर तिला वाढवलं तुम्ही, तिचं लग्न लावून दिलं तुम्ही, त्यामुळं तुमचे तीन शब्द तिनं देव्हाऱ्यात नेऊन ठेवले आणि नवव्या महिन्याची गोवराची लस तिथंच अडली. मामा, राग मानू नका, पण तुमच्या म्हशीला लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर आले तेव्हा तुम्ही स्वतः दावं धरून उभे होता आणि ‘घाई करा’ म्हणून त्यांच्यावर खेकसत होता. त्या म्हशीला मोबाईल नाही, हे तिचं नशीब.

इथं आमच्याकडं जमुनाताई म्हणून आशा सेविका आहेत, लसीसाठी घरोघर फिरतात. बारीक अंगाची बाई, खांद्यावर पिशवी, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. तीनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा ठकीला सर्दी होती (खरंच होती), दुसऱ्यांदा आम्ही आतून कडी लावून गप्प बसलो (ठकीनं आतून ‘बॅ’ केलं, तेव्हा उघडे पडलो), तिसऱ्यांदा मी आमच्या कारखान्याची अक्कल पाजळली. आमच्या क्वालिटी खात्यात मालाच्या एखाद्या पिंपाबद्दल शंका आली की त्यावर पिवळी चिठ्ठी लावतात, मग निर्णय होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. ही पद्धत माझ्या इतकी अंगवळणी पडलीय की मी ठकीच्या लसीकरणाच्या कार्डालाच पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. जमुनाताईंना ती दाखवून म्हटलं, सध्या ‘होल्ड’वर आहे. त्यांनी चिठ्ठी पाहिली, मग मला पाहिलं. म्हणाल्या, “पोर हाय का पिंप हाय? तिकडं पाड्यावरच्या आया पोराला पाठीशी बांधून दोन डोंगर उतरून येतात, नि तुमी शिकलेले लोक चार जिने उतरत नाय.” मी पाणी विचारलं. ते पिऊन, रिकामा पेला माझ्या हातात देऊन त्या निघून गेल्या.

आता खरी गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या धर्मेशच्या मुलाला गोवर निघाला. दीड वर्षाचं पोर, मागच्या महिन्यात ठकीबरोबर एका चटईवर बसून एकच बिस्कीट चोखत होतं. त्यालाही लस राहिलेली, गावाला जाण्यायेण्यात. छातीत कफ झाला, पालघरला आठ दिवस दवाखान्यात होतं. काल घरी आणलं. मी बघायला गेलो तर मामा, ते ओळखू येईना. नुसते डोळे. धर्मेश माझ्याशी बोलत होता आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. वर आलो आणि वर्षाराणीला सांगितलं, बास झालं, मंगळवारी अंगणवाडीत लस आहे, जायचं. ती रडली. मग तिनं अट घातली, दादाच्या मांडीवर बसवून टोचणार असाल तरच. म्हणे जावळ काढताना ठकी तुमच्या मांडीवर हूं की चूं न करता बसली, वस्तरा फिरला तरी हसत होती. जावळ मामाच्या मांडीवर, कान टोचायचे तेही मामाच्या मांडीवर, मग दंड टोचायलाच काय झालं? मी म्हटलं, सरकारच्या लसीला मामा लागत नाही. पण मनातून मलाही ते पटलं, कारण मला तिला धरवणार नाही.

तेव्हा या मंगळवारी पत्र पोचणार नाही, पुढच्या मंगळवारी दुकान पोराच्या हवाली करून यावं. नाहीच जमलं तर निदान बहिणीला फोन करून तुमचे ते तीन शब्द परत घ्यावेत. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
अक्षय

ता. क. तो गाडीतला गृहस्थ तुमच्याकडं पाठवला तो मीच. जरा आठवून बघा, वर ‘मामा, हे बघा जरा’ असं लिहिलं होतं. ताप आला त्या दिवशी तिचं तापलेलं अंग हातात घेऊन मी फार घाबरलो होतो. ‘नको’ म्हणायची माझी छाती नव्हती, म्हणून ते तुमच्या तोंडून वदवलं. वरचं म्हशीचं वाक्य खरं तर खोडायला हवं, पण मग अख्खं पान पुन्हा लिहावं लागेल.

ता. क. २ (मंगळवार) पत्र शर्टाच्या खिशातच राहिलं आणि काल शर्ट धुवायला घेताना वर्षाराणीनं ते वाचलं. ता. क.सकट सगळं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. तिनं आज सकाळी ठकीला न्हाऊमाखू घातलं, माझ्या हातात दिलं आणि पुढं चालू लागली. अंगणवाडीत जमुनाताईंनी विचारलं, पोरीला कोण धरतंय? मी म्हटलं, तिचा मामा मंगळवेढ्याला असतो. त्या म्हणाल्या, “मामा नाय तर नाय. बाप हाय ना?” बसलो. एक गोवराची दंडात, एक न्यूमोनियाची मांडीत. ठकी जिवाच्या आकांतानं ओरडली, आणि मामा, जिला मीच धरून टोचवलं ती पोर रडत रडत माझ्याच गळ्यात शिरली. कॉलर मुठीत घट्ट धरून तिथंच झोपली. मी रडलो. वर्षाराणी हसली, मग तीही रडली. ताप अजून तरी नाही.

ता. क. ३ तरीही तुम्ही या. पुढची लस सोळाव्या महिन्यात आहे, रजेचं आत्ताच बघून ठेवा. ठकीला मी धरतो, मला तुम्ही धरा.