माझ्याच घराचं बक्षीसपत्र

प्रिय थोआताई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, कारण आभार मानले की तू रागावतेस.

वायरमनचं काम मी स्वतःच शिकलो, प्रागमध्ये कमावलं आणि व्हिएतनाममध्ये आपल्या नाम दिन्हला घर बांधलं. परदेशी राहणाऱ्याला तेव्हा जमीन स्वतःच्या नावावर घेणं अवघड होतं, म्हणून कागदावर तुझं नाव लागलं. शेजारीण तुला डिवचायची, "मालकीणबाई, विकून मोकळ्या व्हा की." तू मात्र आजोबांचा फोटो लावायला खिळा ठोकायचा असला तरी मला फोन करून विचारायचीस.

आता कायदा बदलला. घर माझ्या नावावर करायला गेल्या आठवड्यात आपण कचेरीत गेलो, तेव्हा कारकुनाने विचारलं, "विक्री लिहू की बक्षीसपत्र?"

मी चिडलो. "घर माझं, पैसा माझा, वायरिंगसुद्धा माझ्या हातचं. बक्षीस कसलं?"

तू तोंडावर हात धरून हसलीस. "बक्षीसपत्रच लिहा, साहेब. विक्री लिहिलीत तर हा पैसे देऊन सुटेल."

मी घेणाऱ्याच्या जागी सही केली. कुणाकडून कधी काही घेतलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना ऐकवत आलो. यापुढे ऐकवणार नाही.

तुझा धाकटा,
खिएम