माझ्या नावाचं सिम

प्रिय कानिफ,

अनेक आशीर्वाद. फोनवर विचारलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून कागद घेतला. काष्टीत सगळं ठीक. तुझ्या आप्पांचा गुडघा जरा बरा आहे. तुझ्या केडगावच्या खोलीत आता पाणी येतं ना?

आमच्या अंगणवाडीतली मदतनीस स्नेहल. दिवाळीत तूच तिला लग्नाचं विचारलं होतंस, ती नको म्हणाली. संक्रांतीनंतर तिच्या नावानं कुणीतरी सोशल मीडियावर खोटं खातं काढलं. तिचा फोटो, खाली तिचा नंबर आणि वाचायलाही नको वाटतील असे शब्द. परक्या पुरुषांचे फोन थांबेनात. जमत आलेलं लग्न मोडलं. माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "काकू, मी कुनाचं काय वाईट केलं हुतं?" मीच तिला पोलिसांत नेलं. हवालदार म्हणाले, "नुसत्या बदनामीसाठी कोर्टात जावं लागतं. पन दुसऱ्याच्या नावानं खोटं खातं काढनं आयटी कायद्यात गुन्हा हाय. नंबर निघतोच." मी म्हणाले, निघू द्या, सोडू नका त्याला.

घरी येऊन तो फोटो नीट पाहिला. आपल्या ओट्यावरच्या हळदीकुंकवाचा. तिच्या शेजारी मी होते, ती कापून टाकलेली, कडेला माझ्या साडीचा काठ तेवढा राहिलेला. नवी साडी दिसावी म्हणून तो मी एकट्या तुलाच पाठवला होता. मनाला म्हटलं, मित्रानं तुझा फोन घेतला असेल. पण अंगणवाडीचं कधी नाव न काढणारा तू महिन्यात तीनदा विचारलंस, "त्या तक्रारीचं काय झालं?" तेव्हापासून तुझा प्रत्येक शब्द पारखून घेते. आईनं असं वागावं, लाज वाटते रे.

परवा हवालदार अंगणवाडीत आले. त्या खात्याचा नंबर माझ्या नावावर निघाला. तू बारावीत असताना माझ्या आधारकार्डावर घेतलेलं सिम. स्नेहल तिथंच उभी होती. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं.

आप्पा म्हणतात, सिम हरवलं म्हणून सांग, पोरगं वाचेल. पुढच्या सोमवारी माझा जबाब आहे. सिम हरवलेलं नाही, माझ्या मुलाकडं आहे, एवढं मी सांगणार. ते तुला आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. केलंस की नाही, ते तू स्वतः येऊन सांग. फोनमधलं काही पुसू नकोस. पोलीस ठाण्यात मी स्नेहलच्या शेजारी बसणार आहे. तू आलास तरी तिथून उठणार नाही. पण ये.

तुझीच,
आई