बाबासोच्या नावचं बक्षीस

कोल्हापूर,
रविवार, २४ मे १९९८

ती. बाबासोदादास,
तानाचा सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. प्लास्टर पुढच्या महिन्यात निघणार हे वाचून बरं वाटलं. आत खाजतंय म्हणून लाटण्याची मूठ घालतोस, हे वहिनीनं कळवलंय. तसलं काही करू नकोस. या वयात कौलं शाकारायला वर चढायची हौस तुला कुणी सांगितली होती?

पाय मोडल्यामुळं यंदा एकही जत्रा बघायला मिळाली नाही, तेव्हा तू काय काय बघितलंस ते सविस्तर लिही, असं म्हणतोस. लिहिते की. पण मधेच कागद खाली ठेवायचा नाही, शेवटपर्यंत वाचायचं. एवढं कबूल असेल तरच पुढं जा.

पहिलं बघितलं ते पोरांचं नाटक, सुट्टीतल्या शिबिराचं. जंगलातली गोष्ट होती. झाडं झालेली पोरं पुढच्या ओळीतल्या आयांना बघून हात हलवायला लागली, त्यामुळं वारा नसताना सगळं जंगल हलत होतं. एका वडाला त्याच्या आईनं डोळे वटारले, तर तो जो खाली बसला तो पडदा पडेपर्यंत उठलाच नाही. पण त्यातली एक चिमणी असली गोड गायली, की शेजारच्या अनोळखी बाई माझा हात धरून बसल्या. तिकिटाचं चीज झालं.

मग गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका जत्रेत सोंगी भजन बघितलं. केरबा नावाचा गडी, एरवी म्हशी राखतो, तो कैकेयीचं सोंग घेतो. मिशी काढत नाही, पदराआड धरतो. सुरुवातीला मला हसू आवरेना. पण वर मागून झाल्यावर तो दशरथाकडं पाठ करून नुसता उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. त्यानंतर मला मिशी दिसलीच नाही. काय काम करतो रे!

तुझी आठवण आली. जलशात उभं राहायला बाया तयार नसायच्या, म्हणून आईचं इरकल नेसून तू उभा राहायचास. गावातल्या पोरी तुझी चाल बघून लाजायच्या, असं तुझा ढोलकीवाला आकाराम अजून सांगतो. तो आता इथल्या एका नाटकमंडळीबरोबर असतो. नाटकात ढोलकी वाजवतो आणि माइकवर बक्षीस देणाऱ्यांची नावंही तोच पुकारतो. आवाज तस्साच आहे, दात तेवढे गेलेत.

त्याच मंडळीचं नाटक बुद्धजयंतीला शिरोळजवळच्या एका गावात झालं. मी कुठं निघालेय ते आता तुला कळलं असेल. कागद खाली ठेवू नकोस.

व्हय, तुझ्या संघप्रियाच्याच नाटकाला गेलते. पोर सहा महिने झाले माझ्याकडं राहतेय, आणि तुझ्या एकाही पत्रात तिचं नाव नसतं. 'घरातील सर्व मंडळी खुशाल असतील' एवढ्यातच तिला बसवतोस. मलकापुरात पावणं बघायला आले, पोहे खाऊन गेले आणि ही इथं तालमीला बसली होती. चुकलंच तिचं, मी तोंडावर सांगितलंय. पण म्हणून 'मला लेक नाही' म्हणायचं? बाया मिळत नव्हत्या म्हणून तू लुगडं नेसलास, आणि आता घरचीच लेक उभी राहिली तर तुझं नाक कापलं जातं. हा कुठला न्याय ते मला सांग.

असो. नाटकाचं लिहिते.

त्यात ती सत्तर वर्षांची म्हातारी झालीय. पडदा वर गेला, आणि दादा, आपली आई चालत आली. डावा हात कमरेवर, उजव्या पायानं आधी जमीन चाचपायची आणि मग तो टेकायचा, बोलायच्या आधी ओठावरची मिश्री पदरानं टिपायची. आई गेली तेव्हा पोर आठवीत होती. कधी बघून ठेवलं तिनं हे? मी रडले. या उन्हाळ्यात असलं काम मी दुसरं बघितलं नाही, आणि हे भाची म्हणून सांगत नाही.

आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. काम आवडलं की बक्षीस माइकवाल्याकडं द्यायचं, नाटक थांबवून तो नाव पुकारणार, नट वाकून नमस्कार करणार आणि नाटक पुढं चालू. मला राहवेना. उठले आणि आकारामाच्या हातात पैसे ठेवले. कुणाचं नाव घेऊ, म्हणाला. माझ्या तोंडातनं तुझं नाव गेलं. आता रागव, शिव्या घाल, पण गेलं ते गेलं.

"म्हातारीच्या कामाबद्दल मलकापूरचे बाबासो यांच्याकडून एकावन्न रुपये!"

संघप्रिया ताठ झाली. आपण म्हातारी आहोत हेच विसरली. पळत स्टेजच्या कडेला आली आणि गर्दीत एकेक तोंड बघायला लागली. लोक खो खो हसले, म्हातारी पळती की म्हणाले. म्हटलं, बुडवलं मी पोरीचं नाटक. जराशानं तिची कंबर हळूहळू वाकली, हात कमरेवर गेला आणि ती आईच्या आवाजात बोलली,

"बाबासो? माझा ल्योक आलाय व्हय? ए पुढच्यानू, बसा की खाली. दिसू दे की मला."

टाळ्यांनी मांडव दणाणला. लोकांना ते नाटकातलंच वाटलं.

पडदा पडल्यावर तोंडाचा रंगही न पुसता ती माझ्याकडं आली. "आत्ती, आबा कुठं हायत?" गाडी चुकेल म्हणून गेले, असं सांगितलं. तुझा पाय मोडलाय हे तिला सांगायचं नाही अशी वहिनीकरवी तुझीच ताकीद होती, त्यामुळं तिला ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं केसातली पांढरी पावडर धुतली नाही.

येत्या रविवारी ती मलकापूरला येणार आहे, तुझ्या पाया पडायला. मी अडवणार नाही. प्लास्टर बघितल्याबरोबर तू नाटकाला आला नव्हतास हे तिला कळेल, आणि मी खोटी ठरेन. त्याचं मला काही वाटत नाही. पण 'बक्षीस मी दिलंच नव्हतं' असं तू म्हणालास, तर पोर पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही. हट्टाला ती तुझीच आहे. यायला जमलं नाही, पण बक्षीस मीच पाठवलं होतं, एवढं म्हण. ते जमणार नसेल तर शनिवारच्या आत कळव, म्हणजे मीच तिला खरं सांगेन.

आईनं हाक मारली की तू भर पंचायतीतनं उठून यायचास. भरल्या मांडवात तिनं परवा तुला हाक मारलीय दादा, आणि अजून कुणी ओ दिलेली नाही.

तुझी,
ताना