पिनेलोपीचा पाचशेवा दिवस

३ मार्च १९९९, सकाळी ९
आमची पिनेलोपी आज ४८६ दिवस अखंड चालू. चार प्रोसेसर, आख्ख्या संगणक केंद्राचा भार, आणि सांभाळणारा मी एकटा. लारिसा शहरातल्या केंद्राच्या लेफ्तेरिसचं मशीन ४६०व्या दिवशी आडवं झालं. सांत्वनाला फोन केला. दोनदा.
संकल्प: ५००व्या दिवशी सगळ्यांचं तोंड गोड.

८ मार्च
मशीनच्या कंपनीचं पत्र. म्हणे कुणीही साधा वापरणारा चार ओळींचा प्रोग्रॅम चालवून आख्खं मशीन गोठवू शकतो. प्रोसेसर आधी तुम्ही, आधी तुम्ही करत एकमेकांसाठी थांबून राहतात. उपाय म्हणून पॅच पाठवलाय. तो लावायला मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. म्हणजे मोजणी पहिल्यापासून! पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. आमच्या गावात बसच्या दारातसुद्धा कुणी आधी तुम्ही म्हणत नाही, प्रोसेसर कुठून म्हणणार?

९ मार्च
ख्रिसूलाच्या पीएचडीचं भूकंपाचं गणित पिनेलोपीवर ४१ दिवस चाललंय. अजून पंधरा लागतील. प्रबंधाची मुदत एप्रिलात. विचारत होती, सर, मधेमधे कॉपी काढून ठेवू का? म्हटलं, पोरी, कॉपी ठेवायची ती पडणाऱ्या मशीनची. बरं म्हणाली. याला म्हणतात विश्वास.

१५ मार्च
संचालिका एव्हांथियाबाईंना पत्राचा वास लागला. म्हणाल्या, स्तामाती, पॅच लाव मुकाट्यानं, नाहीतर त्या पोरीच्या वर्षाचं पाप तुझ्या डोक्यावर. मी शांतपणे समजावलं: चारातला एक अडकला तर तीन उरतात. पटलेलं दिसलं नाही. म्हटलं, बुधवारी सगळ्यांसमोर सिद्ध करतो.
ईस्टरआधीचे उपवास चालू आहेत, तेव्हा दूध-लोण्याचं काही नको. तिळाचा हलवा, दोन किलो.

१७ मार्च, ११:००
दिवस ५००! हलवा कापला. टाळ्या (माझ्या धरून). आता त्या चार ओळी चालवतो.

११:०४
पिनेलोपी जरा विचारात पडली आहे.

११:२०
अजून विचारातच.

१२:३०
बटण दाबून बंद-चालू केली. हलवा बराच उरला. दारात ख्रिसूला. म्हटलं, पोरी, चुकलो, तुझे एकोणपन्नास दिवस बुडवले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला लिहू. ती म्हणाली, अहो सर, रडताय काय? रोज संध्याकाळी कॉपी लारिसाला पाठवते मी, लेफ्तेरिस सरांकडे. तुम्ही नको म्हणालात ना, त्याच दिवसापासून.
जाताना हलव्याचे दोन तुकडे घेऊन गेली.

१८ मार्च, सकाळी ९
एव्हांथियाबाईंनी दारातूनच विचारलं, काल बंद होतं तेव्हा तो पॅच लावून घेतलास ना रे?
पत्र ड्रॉवरमध्येच होतं. आता लावायचा तर मशीन बंद करावं लागेल.
आणि आज दिवस २ आहे.