तुमच्या कोडखालच्या रिकाम्या ओळी

प्रिय सुहासदादा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. आज पहिल्यांदा लिहितेय, तेही रागाने. वाड्यांना पाणी सोडणारा तुमचा प्रोग्राम आता माझ्याकडे आलाय. आणि त्यात तुम्ही एका शब्दानेही काही लिहून ठेवलेलं नाही!

प्रोग्राममधल्या प्रत्येक क्लासच्या नावाखाली दोन ओळी, त्यातल्या एकेका कामाच्या मेथडखाली दोन ओळी लिहायच्या. हे काय करतं, कशासाठी करतं. डॉकस्ट्रिंग म्हणजे एवढंच ना, दादा? इतका कसला कंटाळा? "कोड वाच, त्यात सगळं आहे," म्हणायचात. वाचला. पन्नासदा वाचला!

'थांब_जरा' नावाची मेथड सापडली. पहिला पंप सुरू झाला की वीस मिनिटं नुसतं थांबायचं, मग दुसरा. का? खाली काहीच नाही. मला वाटलं, चाचणीसाठी घातलेलं राहून गेलं असेल. काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढावरचा पाइप फुटला. वरची वाडी तीन दिवस कोरडी. बायका हंडे घेऊन खालच्या विहिरीवर. त्यातल्या एका आजीने मला विचारलं, "पोरी, तूच का ती नवीन?" मान वर करवेना.

पंपावरच्या बबनकाकांनी कारण सांगितलं. "म्याडम, रातभर पाइप रिकामा ऱ्हातो. हवा भरतीया. हळूहळू पानी चढलं की हवा निघती. एकदम जोर लावला की फुटतुया. दादान्ला ठावं व्हतं."

"मग लिहून का नाही ठेवलं त्यांनी?" मी ओरडलेच.

"कुनासाठी लिवायचं? ते सोता हापिसातनं येत व्हते न्हवं, दर आठवड्याला. तुमी एकदा तरी आला व्हता का हितं?"

नव्हते आले. अमरावतीहून नोकरीसाठी आपल्या ऑफिसात आले त्याला दोन वर्षं झाली. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसायचे आणि पंपाचा विषय निघाला की कानात हेडफोन घालायचे. तुम्ही दोन वाक्यं बोलून गप्प व्हायचात. ती वाक्यं कुठली होती, दादा? आता आठवतच नाहीत.

तरी राग जात नाही. मी ऐकत नव्हते, म्हणून लिहायचंही नाही?

गेला आठवडाभर पंपावर काकांशेजारी बसून एकेका मेथडखाली लिहितेय. बरंचसं कळलं. पण दर मंगळवारी दोन नंबरचा पंप दहा मिनिटं उशिरा का सुरू करायचा? काकांना ठाऊक नाही. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "घरी कधी बोलले नाहीत गं," आणि रडायला लागल्या.

ती मेथड मी काढणार नाही, दादा, शब्द देते. तिच्याखाली लिहिलंय: "कारण माहीत नाही. सुहासदादांनी ठेवलंय, म्हणजे असणार. कळेपर्यंत हात लावू नये."

तुमच्यावर चिडलेली,
प्राची