विजेचे पाच गुरुवार

३० एप्रिल, मंगळवार
या महिन्याची युनिटं २६८. वहीत मांडली. तीनशेच्या वर गेलं की दर चढतो, हे मॅट्रिक झालेल्या मला कळतं, बी.कॉम. झालेल्या सिद्धेशला कळत नाही. आतल्या खोलीत एसी बसवायचा म्हणतो. श्वेताला सातवा महिना, तिला उकाडा सोसत नाही. एसी नाही बसला तर ती आत्ताच मुलुंडला आईकडे जाईल. सून गेली की घर खायला उठतं, ते मला माहीत. पण सिद्धेशच्या वेळी मी अख्खा मे एका टेबलफॅनवर काढला. त्याचं काही बिघडलं नाही. हे म्हणाले, नीट बघ एकदा त्याच्याकडे.
जेवताना वाद. सिद्धेश म्हणतो, ज्याला परवडतं त्याने वापरावं, महाग झालं की माणूस आपोआप बटण बंद करतो, घरात पोलीस कशाला? मी म्हटलं, परवडतं म्हणून कोणी दोनदा जेवतं का? हे म्हणाले, लग्नात जेवतात गो.
संकल्प सोडला. पाच गुरुवार विजेचा उपास. महिनाअखेर युनिटं २६८ च्या खाली आली तर एसी नाही. वर गेली तर खुशाल बसवावा. देवासमोर पैज म्हणू नये.

२ मे, गुरुवार
पंखे बंद, टीव्ही बंद. फ्रीज चालू, दूध पंचामृतातलं. देव्हाऱ्यातली लायटिंगची माळ चालू. देवाला उपास घडवणारी मी कोण? लिफ्ट सोसायटीची, ती धरायची नाही. श्वेताला एक पंखा, दोन नंबरवर. गर्भारणीला उपास नसतो.
उद्याचे कपडे कालच मशीनला लावले होते. वाटण, इस्त्री, सगळं कालच. नियोजन लागतं.
दुपारी पासबुक भरायला बँकेत गेले. आत छान गार. दोन तास बसले. नोंद एकच होती.

३ मे, शुक्रवार
पारणं. सकाळपासून तिन्ही पंखे पाचवर. सिद्धेशने विचारलं, हॉलमध्ये कोण बसलंय? कोणी नव्हतं. भिंती तापल्या होत्या.

९ मे, गुरुवार
व्रताची बातमी दुसऱ्या मजल्यावरच्या नलिनीताईंपर्यंत गेली. महिला मंडळाच्या अकरा जणी आमच्याकडे व्रत घ्यायला. कहाणी मीच रचली. राणी उतली, मातली, दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावली. बायका तल्लीन. पण घामाघूम.
नलिनीताईंनी घरून कूलर आणवला. मी म्हटलं, ताई, उपास आहे. त्या म्हणाल्या, उपासाला साबुदाणा चालतो, मग कूलर का नाही गं? पाण्यावर तर चालतो.
विचार केला. फराळात बसतो.
अकरा जणींचे मोबाईल आमच्याच प्लगना. त्यांच्या घरी उपास ना.

१६ मे, गुरुवार
आज सतरा. दर गुरुवारी इथेच जमायचं ठरलं. कूलर नलिनीताई इथेच ठेवून गेल्या आहेत. मंडळातल्या शीतलने इडलीचे डाळ-तांदूळ वाटायला आणले. तिचा मिक्सर कडक पाळतो. पुण्य वाढतंय.
श्वेताला कूलरसमोर जागा मिळाली नाही. नव्या व्रतकरी बायका आधी. तिने बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली. म्हटलं, दोन गुरुवार कळ काढ बाई. ती म्हणाली, आई, तुमच्या उपासाने मला घाम फुटतो.

२४ मे, शुक्रवार
मीटरच्या खोलीवरून गेले. आत डोकावले नाही. फळावर नजर ठेवू नये.

३० मे, गुरुवार
उद्यापन. सिद्धेश मोबाईलवर मीटरचा फोटो घेऊन आला. फोटो मोठा केला, त्यातून गेल्या महिन्याचं रीडिंग वजा करून दाखवलं. ३४१.
हे म्हणाले, एकादशी अन् दुप्पट खाशी.
नलिनीताई पेढे घेऊन आल्या. त्यांची युनिटं निम्म्यावर. शीतलचीही उतरली. म्हणजे व्रत खरं आहे. फळ बिल्डिंगभर वाटलं गेलं, इतकंच.
शब्द म्हणजे शब्द. एसी बसेल. श्वेताने बॅग परत माळ्यावर टाकायला लावली. बरं वाटलं. तसं दाखवलं नाही.

५ जून, बुधवार
एसी बसला. रिमोट माझ्याकडे. वस्तू आली तरी मर्यादा हवी. चोवीसच्या खाली कोणी जायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं.

८ जून, शनिवार
जप आतल्या खोलीत करते. चोवीसवर मन लागत नाही. अठरावर लागतं. चार माळा जास्त होतात.
श्वेता कालपासून स्वेटर घालून बसली होती. आज सकाळी बॅग पुन्हा खाली आली. पाया पडली, म्हणाली, आई, चार दिवस मुलुंडला जाऊन येते, इथली थंडी सोसत नाही. रिमोट तिने मागितला नाही. मीही दिला नाही.
घरात एक माणूस कमी. या महिन्यात युनिटं नक्की उतरतील.
घर खायला उठलंय. सोळावर करून बघते.