सात समुद्रापलीकडचे गाऱ्हाणे

तीर्थस्वरूप भिकाजीदादांच्या सेवेशी,

सत्यवानाचा साष्टांग नमस्कार. (तुम्ही देव मानत नाही, पण नमस्काराला तुमची हरकत नसते असे वहिनी मागे म्हणाल्या होत्या, म्हणून पुरा घातला आहे.) गुडघा कसा आहे? मोर्चात चालताना दुखत नाही आणि बाजारात जाताना दुखतो, ही तुमची तक्रार मी सुभद्रेला सांगितली. तुमची भावजय म्हणाली, तो गुडघा नव्हे, स्वभाव आहे. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. निदान तसे लिहायची पद्धत आहे.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी पडवीत नारळ सोलायला बसलो होतो आणि समोर सुभद्रेचा फोन उभा करून तुमचा लेख वाचत होतो. कोयता आणि अमेरिका ही दोन कामे एकदम करू नयेत हे मला आता कळले आहे, कारण माझ्या अंगठ्याला अजून पट्टी आहे. तुम्ही लिहिले होते की रशियाचे तेल घेतले म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर कर वाढवला. तेल घेतले मोठ्या कंपन्यांनी, नफा त्यांनी ठेवला, आणि दंड मात्र कोळंबी सोलणारे हात भरतात. त्या वाक्यावर कोयता घसरला. तुमचे लेख वाचताना मला सहसा असे काही होत नाही. त्यात 'भांडवल' हा शब्द इतक्या वेळा येतो की मी तो माडाखालच्या गवतासारखा ओलांडून जातो. पण हे हात माझ्या ओळखीचे निघाले.

आमच्या कुंपणापलीकडची शेवंती तुम्हाला आठवत असेल. तिचा नवरा दोडामार्गाकडे केळीच्या बागेत राबतो, आणि ती रस्त्याकडच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जायची. एक दिवस फाटकावर सांगितले, उद्यापासून येऊ नका, बोलावू तेव्हा या. तिने ठेकेदाराला विचारले. त्याने मॅनेजरकडे बोट दाखवले आणि मॅनेजरने अमेरिकेकडे. आता अमेरिकेकडे बोट दाखवल्यावर बाईने जायचे कुठे? मी हे कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. आपल्याकडे प्रत्येक दुःखाला एक दार असते. बांध सरकला तर तलाठी, गाय हरवली तर हद्दीचा राखणदार देव, घरात कुरबुर झाली तर कुळाचा देव. पण ज्या माणसाने शेवंतीचे काम घालवले तो आमच्या कुठल्याच हद्दीत बसत नाही. तिकडच्या हद्दीचा राखणदार कोण, हे गावात कोणालाच ठाऊक नाही. (भटजींना विचारले. त्यांनी पंचांग उघडले आणि मिटले.) तुमच्या वाचनात काही आले असेल तर जरूर कळवावे, मी थट्टा करत नाही.

तुम्ही गाव सोडून फार वर्षे झाली म्हणून आठवण करून देतो, की देवळात गाऱ्हाणे घालायचा मान आपल्या घराकडे आहे आणि बाबांनंतर तो मी चालवतो. माझ्या नावावर दुसरी काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही. जो कोणी नारळ ठेवील त्याचे म्हणणे देवाला मोठ्याने सांगायचे, आणि प्रत्येक वाक्याला मागची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. नारळ कोणाचाही नाकारायचा नाही, हा नियम. तुमच्या मोर्चासारखेच असते हे, फक्त चपला बाहेर काढून. त्या दिवशी मितेशने नारळ ठेवला. मितेश म्हणजे आपल्या बंदरावरचा, रात्री दिवे लावून मासळी ओढणाऱ्या बोटीचा मालक, पक्षाचे काम करणारा, यंदाच्या जत्रेची रोषणाईही त्याचीच. त्याचे मागणे होते की निवडणुकीत त्याच्या पुढाऱ्याला यश यावे. त्याच्या शेजारीच शेवंतीचा नारळ होता. तिने मागणे नीट सांगितलेच नाही, नुसती म्हणाली की तुमका म्हायत आसा.

मितेशचे गाऱ्हाणे मी घातले, अगदी मनापासून. मग शेवंतीचे सुरू केले, आणि दादा, सकाळी वाचलेला तुमचा लेख पोटातून वर आला. तो आपल्या बोलीत आला, एवढाच फरक.

"बा देवा म्हाराजा, सात समुद्रापलीकडे बसान जो कोण कर वाढयता, आणि हंय आमच्या बायांच्या हातचा काम जाता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेल घेवचो एक आणि दंड भरूचो दुसरो, ही उलटी रीत मोडून टाक रे म्हाराजा. जे कोण लढायेत दोनय बाजूंक बंदुको इकतत, तेंच्या दुकानाक टाळा लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग गाझातली उपाशी पोरे आली, नव्या कायद्यांनी कामावरून काढणे सोपे झालेले मजूर आले (तो तुमचा आधीचा लेख), आणि ओघात हेही आले की रातीचे दिवे लावन जो कोण पिल्लांसकट समुद्र उपसता, तेची जाळी रिकामी येव दी. प्रत्येक वेळी साऱ्या देवळाने 'व्हय म्हाराजा' म्हटले. त्यात सर्वांत मोठा आवाज मितेशचा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. तुमच्या पक्षाला आपल्या तालुक्यात आजवर इतका एकमुखी पाठिंबा मिळाला नसेल.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी फोनवर घेतलेले ते चित्रण गावभर फिरले आणि मितेशने ते सावकाश ऐकले. मग तो आमच्या अंगणात आला. गुरगुरला नाही, उलट ओशाळल्यासारखा माडाला टेकून उभा राहिला.

"काकानू, देवळात राजकारण नको हां."

"आणि तुझ्या पुढाऱ्याचो नारळ, तो काय होतो?"

"तो श्रद्धेचो."

मला हा फरक खरोखरच समजून घ्यायचा होता, म्हणून मी त्याला बसवून चहा दिला. सत्तेवरच्या माणसासाठी मागितले तर श्रद्धा आणि कामावरून काढलेल्या बाईसाठी मागितले तर राजकारण, हे कुठून ठरते? हे मी त्याला विचारले. मग तो आपले सांगू लागला. डिझेल महाग, व्यापारी देईल तो भाव, बोट बँकेची. तेल बाहेरून स्वस्त आले म्हणतात, तर बंदरावर स्वस्त का झाले नाही, हे त्याने मला विचारले. मी म्हटले, हे तुझ्या पुढाऱ्याला विचार. तो म्हणाला, तेका कसा इचारतलय, तो मोठो माणूस. तेव्हा माझ्या लक्षात आले की बोटीच्या मालकालाही आपले म्हणणे सांगायला दार नाही. पिल्ले उपसतो ते चूकच, पण त्यालाही मागून कोणीतरी उपसतो आहे.

तरी पुढे व्हायचे ते झाले. चित्रणावरून बोभाटा झाला, देवळाची मानकरी गावकर मंडळी बसली आणि ठरले की मी गाऱ्हाणे मागे घ्यावे, नाही तर मान दुसऱ्या घराकडे द्यावा. त्या दिवसांत मला अन्न गोड लागले नाही, हे तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही. पण मागे घ्यायचे कसे, याची रीत कोणालाच माहीत नव्हती. आजवर आपल्या देवळातले गाऱ्हाणे कोणी मागे घेतलेलेच नाही. शेवटी ठरले की ज्या क्रमाने घातले त्याच क्रमाने एकेक वाक्य म्हणायचे आणि मंडळींनी 'नाय म्हाराजा' म्हणायचे. सोमवारी सगळे जमले. मी पहिले म्हटले, की देवा, आमच्या बायांच्या हातचे काम जाऊ नये असे मागितले होते. आणि थांबलो.

'नाय म्हाराजा' कोणी म्हणेना. एकाने घसा साफ केला, दुसऱ्याने त्याच्याकडे पाहिले. त्यांच्याच घरातल्या बाया मागे उभ्या होत्या. मितेश आपल्या पायांकडे बघत होता. मी पुढचे म्हटले, मग त्याच्या पुढचे. गाझाच्या पोरांपर्यंत आलो. देवासमोर उभे राहून 'पोरांना जेवण देऊ नकोस' असे म्हणणारा माणूस आपल्या गावात निघाला नाही, दादा. टीव्हीसमोर बसून म्हणणारे पुष्कळ आहेत. शेवटी सगळ्यांत वयस्कर गावकर म्हणाले की उशीर झाला, नैवेद्य व्हायचा आहे. मान राहिला.

मी मोठ्या समाधानाने घरी निघालो होतो. वाटेत शेवंतीने गाठले.

"दादानू, देवाक सांगितलात ता बरा केलात. आता मॅनेजराक कोण सांगतलो?"

मी म्हटले, अगो, माझे बोलणे फक्त देवापुढे चालते, साहेबापुढे मला शुद्ध मराठी सुचत नाही आणि अशुद्धही सुचत नाही. ती तशीच पुढे गेली. त्यावर मी फार विचार करतो आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावावे.

आपला धाकटा,
सत्यवान

ता. क. गावकरांच्या बैठकीत हे शब्द तुला कोणी शिकवले असे विचारले, तेव्हा मी तुमचे नाव सांगितले. बैठक देवळात होती, खोटे बोलता येईना. तुमचा पत्ताही मागितला, तो दिला.

ता. क. दुसरा. तुमच्या लेखांतले सगळेच मला पटते असे समजू नये. धर्म ही अफू वगैरे तुम्ही म्हणता, पण त्या सोमवारी देव समोर नसता तर मंडळींनी सरळ 'नाय' म्हटले असते, असे मला वाटते. यावर सवडीने लिहा.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरे यासाठीच. वर 'विचार करतो आहे' लिहिले ते अर्धेच खरे आहे. आज सकाळी मी शेवंती आणि इतर बायांबरोबर कारखान्यावर आलो. मॅनेजरसाहेबांना काय बोललो ते आठवत नाही, बरेचसे मालवणीत गेले असावे. त्यांनी बसा म्हटले नाही, म्हणून आम्ही आपणच फाटकात खाली बसलो, आणि कामावर परत घेतल्याशिवाय उठायचे नाही असे ठरले. हे सबंध पत्र मी इथेच बसून लिहिले आहे. सुभद्रा फोनवर पानांची चित्रे काढून पाठवते आहे. (मितेशच्या टेम्पोतून पिण्याचे पाणी आले. नाव सांगू नका म्हणाला, म्हणून फक्त तुम्हाला सांगतो.) आता साहेबांनी आतून सगळ्यांसाठी चहा पाठवला आहे. तुमचा जन्म या कामात गेला. अमेरिका, रशिया सगळे तुमच्या लेखांत आहे, पण मालकाचा चहा घ्यायचा की नाही, हे कुठेच नाही. बायका माझ्याकडे बघत आहेत. ताबडतोब कळवावे, चहा निवत चालला आहे.